लॉर्डाच्या नावची जपमाळ

(आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्क परगण्यातलं एक डोंगराळ खेडं. १८२० नंतरची काही वर्षं. शाळा सुटल्यावर हार्नेट मास्तर अर्ज लिहायला बसले आहेत. समोर फिनीन लिनेहनची आई गोबनेट आणि त्याची बायको जूडिथ.)

गोबनेट : थांबा मास्तर. ते शेवटचं वाक्य आपल्या भाषेत पुन्हा एकदा सांगा.

मास्तर : काकू, मागच्या दोन्ही अर्जांत तेच होतं. 'आणि अर्जदार, आपले कर्तव्य जाणून, लॉर्डसाहेबांसाठी आमरण प्रार्थना करीत राहील.' डब्लिनच्या किल्ल्यात राजाच्या वतीनं कारभार करणाऱ्या लॉर्डाकडं जाणाऱ्या प्रत्येक अर्जाला ही शेपटी लागतेच.

गोबनेट : शेपटी म्हणू नका. दोन वर्षं रोज संध्याकाळी एक अख्खी जपमाळ ओढते आहे मी त्या लॉर्डाच्या नावानं.

मास्तर : खरंच ओढता?

गोबनेट : मग? खाली सही म्हणून फुली मारली आहे मी. फुली मारून शब्द फिरवायचा का?

मास्तर : अहो, ते नुसतं लिहायचं असतं. आजवर इतके अर्ज लिहिले मी, त्यांत माळ ओढणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

गोबनेट : म्हणूनच बाकीच्यांची कामं होत नाहीत.

मास्तर : तुमचं तरी कुठं झालं?

गोबनेट : तेच म्हणते. लॉर्डाची तब्येत ठणठणीत आहे असं ऐकते. असायचीच. म्हणजे माळ पोचते आहे त्याला, परतफेड तेवढी होत नाही. या खेपेला असं लिहा, की आधी मुलगा धाडा, मग प्रार्थना.

मास्तर : हा लोण्याचा बाजार नव्हे काकू. लॉर्डाशी घासाघीस करायला माझी लेखणी धजणार नाही. शेपटी राहू द्या, वर काय लिहू ते बोला. पहिल्या अर्जात लिहिलं की फिनीन बंडखोर नाही, बायकोला कळा सुटल्या म्हणून सुईणीला आणायला निघाला होता. दुसऱ्या अर्जाला सुईणीची साक्ष जोडली. दोन्ही खेपेला उत्तर एकच आलं, कायद्याला त्याचं काम करू द्यावं.

गोबनेट : केलं की त्यानं काम. बंडाच्या धास्तीनं रात्रीची बंदी घातलेली, त्यात सूर्य मावळल्यावर घराबाहेर दिसला, एवढ्यावर माझ्या पोराला सात वर्षं काळ्या पाण्यावर, समुद्रापारच्या वसाहतीत धाडला. आता म्हणावं त्या कायद्याला, दमला असशील, बस जरा.

जूडिथ : मास्तर.

मास्तर : बोल जूडिथ. आल्यापासून तू गप्पच आहेस.

जूडिथ : या खेपेला त्यांना परत पाठवा असं लिहू नका.

गोबनेट : मग काय लिहायचं? ठेवून घ्या म्हणून?

जूडिथ : मला तिकडं पाठवा असं लिहा. मला आणि पोरीला.

मास्तर : हं.

जूडिथ : हरलिहीची कॅथरीन गेली ना. तिनंही असाच अर्ज केला होता. नवरा तिकडं नीट वागतो आहे, त्याच्याजवळ जाऊ द्या म्हणून. सरकारनं स्वतःच्या खर्चानं तिला बोटीत बसवलं. फादर क्रीडन सांगत होते, की यांना तिकडं ज्याच्याकडं कामाला लावलंय तो मालकही बरा आहे, यांनाही तशी मुभा मिळेल.

गोबनेट : कधीपासून आहे हे मनात?

जूडिथ : कॅथरीन गेली तेव्हापासून.

गोबनेट : म्हणजे बटाटे लावायच्या आधीपासून. एका चुलीपाशी बसतो आपण दोघी, एका टोपलीतले बटाटे खातो, आणि मला पत्ता नाही.

जूडिथ : घरी किती वेळा बोलायला गेले, आई. दर वेळी तुम्ही त्यांचा कोट झटकत असायच्या. उद्या आला तर कसर लागलेला कोट घालायचा का त्यानं, असं म्हणत पुन्हा खुंटीला लावायच्या. त्यावर मी काय बोलणार होते? म्हटलं, मास्तरांसमोर बोलावं. तिसरं माणूस असलं की बोलवतं.

गोबनेट : अगं, सातांतली दोन गेली. पाच राहिली. पाच वर्षांचं काय एवढं?

जूडिथ : सात झाली की सरकार त्यांना सोडतं, आणून सोडत नाही. मास्तर, तुम्ही सांगा आईंना.

मास्तर : खरं आहे, काकू. जाताना भाडं सरकारचं, येताना ज्याचं त्याचं. आणि मजुरी करणाऱ्याला ते जन्मात जमत नाही. आपल्या भागातून गेलेला एकही माणूस परत आलेला मी पाहिलेला नाही.

गोबनेट : हे तुम्ही दोन अर्ज लिहीपर्यंत बोलला नाहीत.

मास्तर : तुमच्या तोंडाकडं बघून सांगवलं नाही. तुम्ही अंडी घेऊन आला होता, नवी शाल पांघरून आला होता. आणि मलाही वाटायचं, एखाद्या वेळेस लॉर्डाला दया येईलही. फिनीन माझ्याच हाताखाली शिकलाय हो.

गोबनेट : मग मलाही घाला अर्जात. मी काही फार जागा अडवत नाही. खाणंही कमी आहे माझं.

मास्तर : बायको आणि लहान मुलं, एवढंच चालतं. आईसाठी तसा नियम नाही.

गोबनेट : नियम करणारा आभाळातून पडला असेल.

जूडिथ : आई, माझ्याकडं बघा. तुम्हाला टाकून जायची मला हौस आहे का? माझ्या कळांपायी ते त्या रात्री बाहेर पडले. पोरगी जन्मली तेव्हा ते कोठडीत होते. त्यांनी तिचं तोंड बघितलेलं नाही, आणि ती परवा त्या खुंटीखाली उभी राहून कोटाला बाबा म्हणत होती.

गोबनेट : मीच शिकवलं तिला. बाप कोण ते विसरू नये म्हणून.

जूडिथ : ठाऊक आहे मला. पण आई, तो कोट आहे.

मास्तर : काकू, पाणी देऊ का?

गोबनेट : नको. मास्तर, तुमच्या चुलीतलं पीट ओलं आहे. शाळेतली पोरं ओलं जळण आणतात आणि तुम्ही घेता. धुरानं डोळे जातील एक दिवस.

मास्तर : हो, ओलंच आहे.

गोबनेट : नवा कागद घ्या. तिला पाठवा म्हणून लिहा.

जूडिथ : आई...

गोबनेट : गप. आता गप्प बसायची वेळ तुझी आहे, मघाशी नव्हती. लिहा मास्तर.

मास्तर : लिहितो, पण एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. या वेळी लपवत नाही. कॉटरलाही तिकडंच धाडलंय, त्याच्या बायकोचा अर्ज मीच लिहिला होता. तो फिरून आला. का, तर ती बापाच्या घरी राहते, बापाकडे गाय आहे, म्हणजे पोटाला आहे. ज्या बाईला इथं कुणाचा आधार आहे तिच्यावर सरकार खर्च करत नाही. तिला छप्पर नाही, कुणी विचारणारं नाही, असं मॅजिस्ट्रेट पर्डनसाहेबांनी आणि फादरांनी सही करून सांगावं लागतं.

गोबनेट : मग तसं लिहा. तिला कोणी नाही म्हणून.

मास्तर : आणि तुम्ही?

गोबनेट : मला वगळा.

मास्तर : अहो, कागदावरून वगळाल. पण पर्डनसाहेब घोड्यावरून तुमच्या दारावरून जातात. जूडिथ तुमच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकताना दिसते त्यांना. सहीला गेलो की पहिला प्रश्न तोच, सासूनं घरात घेतलंय ना? आणि फादर क्रीडन तर मेले तरी खोटं लिहायचे नाहीत.

गोबनेट : त्यांना खोटं लिहायला कोण सांगतंय? खरंच लिहू देत. सासूनं तिला घराबाहेर काढली.

जूडिथ : काय बोलता तुम्ही?

गोबनेट : काढली म्हणजे काढली. नवरा काळ्या पाण्यावर, हिला किती दिवस पोसू? माझेच बटाटे मला पुरत नाहीत. पर्डनसाहेबांनी विचारलं तर दारात उभी राहून सांगेन. फादरांना चर्चच्या पायरीवर सांगेन, चारचौघांत.

मास्तर : काकू, गाव थुंकेल तुमच्यावर.

गोबनेट : थुंकू दे. कधी नव्हे तो पाऊस थांबलाय, तेवढीच ओल.

जूडिथ : नाही, असं नको लिहायला. मास्तर, हात थांबवा. मी या घरात आले तेव्हापासून यांनी मला कधी काही कमी पडू दिलं नाही. बाळंतपणात स्वतःचं अंथरूण मला दिलं आणि तेव्हापासून चुलीपाशी निजतात. आणि मी जाताना मागं काय ठेवायचं, तर यांनी मला हाकललं असं? शेजारची टूमीबाई काय म्हणेल? सगळ्या बायका विहिरीवर काय म्हणतील?

गोबनेट : म्हणतील, गोबनेटचं खरं रूप कळलं. बोलायला काहीतरी लागतंच त्यांना. आणि सासू आहे मी, पोरी. मी सुनेला छळलं म्हटलं तर कुणी साक्षीपुरावे मागणार नाही. पोटच्या पोराला वाचवायला खरं सांगितलं, सुईणीनं शपथ घेतली, ते कुणाला पटलं नाही. हे बघ कसं लगेच पटेल.

मास्तर : पण नुसतं बोलून भागायचं नाही.

गोबनेट : मी कुठं नुसतं बोलते आहे? ही आजपासूनच टूमीच्या घरी. तिच्या गोठ्याच्या माळ्यावर पेंढा आहे, तिथं निजेल. गोठ्यात राहणाऱ्या बाईला छप्पर आहे असं साहेबसुद्धा म्हणायचा नाही.

जूडिथ : आणि तुमचं कोण बघणार?

गोबनेट : कोंबड्या आहेत. दोन वर्षं मी वाट बघत बसले, तर मला वाटलं मीच एकटी बसले आहे. तू शेजारी बसली होतीस ते दिसलंच नाही मला. जा आता. गेल्यावर त्याला म्हणावं, कोट पाठवलाय. तो घेऊन जा. तिकडं उन्हाळा फार म्हणतात, पण रात्री लागेल.

जूडिथ : आई, त्यांना काय सांगू मी? तुम्ही कशा आहात म्हणून विचारतील.

गोबनेट : खरं ते सांग. पण बोटीतून उतरल्यावर. तोवर कुणापाशी माझं बरं बोलायचं नाही, समजलं? कॅथरीनच्या आईपाशीसुद्धा नाही. कुणी माझं नाव काढलं की तोंड फिरवायचं. जमेल?

जूडिथ : नाही जमणार.

गोबनेट : जमव. पोरीसाठी जमव.

मास्तर : लिहितो मग. 'अर्जदार जूडिथ लिनेहन हिचा पती शिक्षा भोगीत असून, सासूने तिला घराबाहेर काढल्यामुळे ती व तिची मुलगी निराधार झाली आहे.' पोरीचं नाव?

गोबनेट : माझंच आहे की.

मास्तर : हो, विसरलो. इंग्रजीत गोबनेट लिहीत नाहीत काकू. त्यांच्यात त्या नावाला अ‍ॅबिगेल म्हणतात.

गोबनेट : तेच लिहा. म्हणजे माझं नाव कागदावर कुठंच आलं नाही. बरंच झालं.

मास्तर : 'या जगात तिला दुसरे कोणीही नाही.' असं लिहिलंय. वाचू पुन्हा?

गोबनेट : नको. एकदा ऐकलं ते पुरे.

मास्तर : जूडिथ, इथं फुली मार. नीट धर लेखणी. हं, झालं. आता ती शेपटी राहिली. 'अर्जदार आमरण प्रार्थना करीत राहील.' काकूंना आवडत नाही, तर गाळू का? अर्ज जरा उघडा दिसेल, पण चालेल.

गोबनेट : गाळता कशाला? राहू दे.

जूडिथ : मी करीन. रोज करीन.

गोबनेट : तू बोटीत ओकत पडशील, आणि तिथं पोचल्यावर नवऱ्याकडं बघशील की लॉर्डाकडं? शब्द दिला की पाळावा लागतो. ते माझ्याकडं राहू दे. मास्तर, माझं नाव घालू नका, पण माळ मी ओढेन. हात बसलाय आता.

मास्तर : ज्या माणसानं दोनदा तुमच्या पोराला नाही म्हटलं, त्याच्यासाठी?

गोबनेट : तो जगायला हवा हो, ही पलीकडं उतरेपर्यंत. मधेच मेला आणि नवा लॉर्ड आला, तर म्हणेल, ही बाई कोण, हिला कुणी परवानगी दिली? नको ती कटकट. त्याला खोकलासुद्धा होऊ देणार नाही मी.

मास्तर : काकू, सोमवारी मी स्वतः जातो हे घेऊन पर्डनसाहेबांकडं. आणि या अर्जाचं मला काही नको. अंडी परत न्या.

गोबनेट : ठेवा ती. सुनेला हाकलणारी बाई, वर मास्तरांनाही बुडवते, असं नको व्हायला. सगळंच एका दिवसात अंगावर घेत नाही मी.

जूडिथ : चला आई. उन्हं उतरली. सूर्य मावळायच्या आत घरी पोचायला हवं.

गोबनेट : मी पोचेन. तू ओढ्याकडच्या वाटेनं जा, सरळ टूमीकडं. डोळे पुसू नकोस, तसेच राहू देत, लोकांना दिसू देत. आणि पोरीला आजची रात्र माझ्यापाशी निजू दे. एवढं काही कुणी कागदावर विचारत नाही.