नानांचं अनवाणी भाषण

राव, आमच्या नानांचं जत्रेतलं भाषण तुमी ऐकायला पायजे व्हतं! बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हंजी धावपट्टीवर, टँकरनं पाणी मारलेलं, त्या चिखलातच यांनी माईकचा जनरेटर ठेवला. मी म्हणालो, "नाना, कोरड्यात घ्या, अर्थिंग करा."

"कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये," असं म्हणत या शहाण्या चुलत्यानं देवाचा मान म्हणून चपलाही काढल्या आणि माईक धरला.

धरला तो सुटेचना! नाना जागेवरच थयथय नाचायला लागले, पब्लिकच्या शिट्ट्या सुरू. माझा एक दोस्त त्यांना ओढायला धावला.

"हात लावू नको, मरशील!" असं ओरडत मी जनरेटर बंद केला.

नाना धपकन चिखलात बसले. दम घेतला आणि माझ्यावरच खेकसले, "माझं भाषण बघवलं न्हाई व्हय रं तुला?"