दोनशे ऐंशी मीटर

नाही हो मॅडम, तुमचं यंत्र बिघडलेलं नाही — आणि माझा नकाशाही चुकलेला नाही, उगाच त्याला नावं ठेवू नका. तुम्ही नकाशावरचे पुलाचे अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचून यंत्रात घातलेत आणि यंत्र म्हणतंय पूल नदीवर नाहीच, शेतात आहे — हो ना? म्हणणारच. बसा जरा, नकाशे नेऊन स्कॅनिंगच करायचंय ना, दहा मिनिटांनी नेले तरी चालतंय. आता बघा, पृथ्वी मोजायची तर आधी कुठून मोजायची ते ठरवायला नको? आमच्या वेळी एका टेकडीवर दगड रोवलेला होता, त्याच्यापासून सगळं मोजलं. तुमचे उपग्रह मोजतात पृथ्वीच्या पोटातून, अगदी मधोमधून. जागा तीच, आकडे निराळे. हाच तो डेटम. जुन्याचे आकडे नव्यात घातले की आमच्या भागात दोनशे ऐंशी मीटरची चूक — पाठ आहे मला. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात छापलेला असतो कुठला डेटम ते, पण वाचतंय कोण? आमच्या ऑफिसात सगळ्यांचा एकच, मग बोलताना तरी कोण सांगणार?

ती नकाशाची शीट राहू द्या. म्हणजे न्या, पण शेवटी न्या. पेन्सिलीची खूण आहे ना, ती माझी. माझा थोरला भाऊ — दादा — आणि मी, दोघंही सर्वेक्षण खात्यात. तो डोंगरात फिरणारा, मी ऑफिसात वायरलेसवर. मला ‘खुर्चीवीर’ म्हणायचा. एकदा दरीत घसरला, पाय मोडला. जोडीदार तापानं तंबूत पडलेला, म्हणजे हा एकटाच — आणि धुकं असं की हातभर पुढचं दिसेना. पण डोकं शांत हो त्याचं! नकाशा काढला, आपली जागा वाचली, मला आकडे सांगितले. मी लिहून घेतले, दोनदा वाचून दाखवले — एक आकडा इकडचा तिकडे नाही. तेच हेलिकॉप्टरवाल्यांना दिले. त्यांच्याकडे हे उपग्रहाचं यंत्र नुकतंच आलेलं. त्यांनी विचारलं नाही, कुठल्या डेटमचे म्हणून — नाही, त्यांच्यावर कशाला ढकलू? सांगायचं काम माझं होतं. धुक्याला जरा फट पडली तेवढ्यात त्यांनी दोरानं माणसं उतरवली, बरोब्बर आकड्यांवर. डोंगराच्या सोंडेच्या पलीकडे.

आणि दादा काय म्हणाला माहितीये? वायरलेसवर म्हणाला, “अरे, हेलिकॉप्टर ऐकू येतंय, पण पलीकडे. त्यांना म्हणावं, अलीकडे या.” मी काय म्हणालो? मी म्हणालो, “दादा, आकडे बरोबर आहेत. दुखण्यानं तुला भास होतोय, गप पडून राहा.” असं म्हणालो मी. त्याला. तो “बरं” म्हणाला — एवढंच, बरं — आणि मग बॅटरी गेली. दुसऱ्या दिवशी धुकं निवळलं तेव्हा सापडला, गारठून जीव गेलेला. अहवालात लिहिलं, खराब हवामान. आठवड्यानं मी एकट्यानंच ती शीट काढली, तो कोपरा वाचला, दादाच्या जागेवर खूण केली आणि गुंडाळून घरी आणली.

कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. वहिनींना तर नाहीच. त्यांचं वेगळंच आहे — त्यांनी दादाचा स्वेटर धुवायला काढला होता, बॅगेत भरायचा राहिला. तेवीस वर्षं हेच, “भावजी, मी स्वेटर भरला असता तर!” आणि मी काय म्हणतो? मी म्हणतो, “जाऊ द्या वहिनी, होतात चुका माणसाच्या हातून.” ऐकलंत ना? मी त्यांना म्हणतो हे. माफ केल्यासारखं!

असं बघू नका माझ्याकडे. सांगणार होतो. पहिल्या वर्षी धीर झाला नाही, मग म्हटलं जरा सावरू देत, मग — मग काय, राहिलंच. या घरात आता आम्ही दोघंच. सांगितल्यावर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत तर मी कुणाशी — अं? — काही नाही, वहिनी! नकाशे न्यायला आल्यात मॅडम, त्यांच्याशीच बोलतोय! — नाही नाही, तुम्ही नका उठू, निघाल्याच त्या! — उठा मॅडम. सगळ्या न्या, हीसुद्धा न्या. आणि त्या बाहेर आल्याच तर नुसता नमस्कार करा. चला, निघा.