कोपऱ्यातला घोडा

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला आलेल्या शिवणवाल्या बाईंशेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेले. त्यांची मुलगी मोबाइलमध्ये बघून कालचा बुद्धिबळाचा डाव सांगत होती. एका बाजूला ग्रँडमास्टर, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"आता कॉम्प्युटरनं घोडा मागे नेला, बाबा. पार कोपऱ्यात."

"कोपऱ्यात? नीट बघ गं."

"नीटच बघतेय. बघणारे हसले म्हणे, मशीन बिघडलं म्हणून."

"आणि आपला गडी?"

"तो नाही हसला. बराच वेळ पटाकडे बघत बसला आणि डाव सोडून दिला."

"तेवढ्यावरच?"

"हो ना. दोघांची मोहरी सारखीच होती. लोक नावं ठेवतायत, कच खाल्ली म्हणतात."

"थांब जरा. बोलू नकोस."

"बाबा?"

"घोडा सरकला, म्हणजे मागच्या उंटाची वाट मोकळी झाली. तो थेट वजिरावर येतो. वजीर बाजूला घेतला, की राजाच्या दाराशी हत्ती... अगं बाई."

"काय झालं?"

"राजाला कुठेच जागा नाही. चहूकडून कोंडलाय, आणि अजून कुणी त्याच्याकडे फिरकलंसुद्धा नाही."

"म्हणजे त्याला हे तिथंच दिसलं?"

"दिसलं म्हणून तर उठला. असं देखणं काही बघितल्यावर माणूस पुढं काय खेळणार?"

"बाबा, रडू नका ना. पट्टी ओली होईल, डॉक्टर मला ओरडतील."

आतून बाईंचा नंबर पुकारला गेला.

"पुढच्यांना घ्या," बाई हळूच म्हणाल्या.

"परत सांग," गृहस्थ म्हणाले. "अगदी पहिल्या चालीपासून."