दहा खराब नग

शिरोलीला फाउंड्रीत होतो ना, तेव्हा मालकांनी मला काय आणायला पाठवलं ठाऊक आहे? पुण्याचे साहेब आमचं कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, तपासायला आले होते. त्यांनी नाक मुरडलं तर ऑर्डर जाणार आणि आम्ही सगळे घरी बसणार. मी पन्नास नग हातोडीनं ठोकून त्यांना आवाज ऐकवला. एकच बद्द वाजला, म्हणजे तडकलेला. मालकांचा भाचा कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होता, तोही तिथंच होता. त्यानं संख्याशास्त्रातलं नॉर्मल वितरणाचं सूत्र लावून सगळ्या मालाचा अंदाज सांगितला, "उणे दोन ते सहा टक्के खराब."

"उणे खराब म्हणजे कसं?" साहेबांनी विचारलं. भाचा वही चाळायला लागला.

"नमुन्यात निदान दहा चांगले आणि दहा खराब असतील तरच हे सूत्र लावायचं," साहेब म्हणाले. "इथं खराब एकच आहे."

मालक माझ्यावर ओरडले, "बघतोस काय? भंगारातनं नऊ खराब आण की!"

मी पाटी घेऊन निघालोसुद्धा.

"अहो, थांबा!" साहेब म्हणाले. "जास्त खराब नकोत, जास्त नग तपासायचेत. उद्या पाचशे ठोकू."

मालकांनी हळूच विचारलं, "आणि पाचशेत बी दहा खराब निघालं न्हाईत तर, पावणं?"

साहेब पहिल्यांदाच हसले. "मग ऑर्डर तुमचीच की."