टुणटुणीचं नाव

नाही नाही, ओरडा तुम्ही, ताई, अगदी मोकळेपणानं ओरडा – मुलगी शाळेच्या जिन्यावरून पडली, मनगट मोडलं, मग आई काय हळू बोलणार? फक्त ओरडून झालं की तो खोका जरा इकडे द्या. द्या. …हं. खोक्यावर नाव बघा – आमचं आहे? नाही ना? बिलावरही नाही. आणि हा बूट माझा नाही, ताई. हात झटकत नाहीये मी. हे बघा, डाव्या पायाचा तळ उंच केलाय, बरोबर, पण कसा? रबराची एक अख्खी वीट कापली आणि दिली चिकटवून, झालं! पुढे चवड्याखाली तासायला नको? पाऊल टाकताना बूट पुढच्या बाजूला कलायला हवा, नाहीतर टोक पायरीला अडणारच. आणि वजन – धरा, हातात धरून बघा. आठ वर्षांच्या पोरीनं हे दिवसभर ओढायचं? …सात? सातच वर्षांची? अरे देवा.

तुमचं म्हणणंही खोटं नाही. डॉक्टरांनी आमचं नाव सांगितलं, तुम्ही फोनवर 'टुणटुणी बूट' लिहिलंत, पहिल्याच ओळीत 'टुणटुणी बूट – घरपोच, आजच मागवा' आलं, दाबलंत, माप भरलंत. आम्ही खाली, चौथ्या-पाचव्या ओळीत. कोण जातं तिथवर? आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं असतं, ते कोण वाचतं? तुम्ही काही पहिल्या नाही – या वर्षातल्या सहाव्या. मोठे लोक आहेत ते, गोदाम आहे, बूट डझनांनी निघतात. त्यांनी काय केलंय, तर आमचं नाव विकत घेतलंय. दुकान नाही हो – नुसता शब्द! कुणी तो शब्द लिहिला की आधी ते उभे. मी वकिलांना म्हटलं, अहो, नाव नोंदवलंय मी, तो काय भिंतीवर कागद, काच बसवून, शिक्क्यासकट – मग नोंदवलेलं नाव दुसऱ्याला विकतं कोण? म्हणाले, शोधून देणारेच विकतात. घ्या! नोटीस पाठवली. त्यांनी जाहिरातीतून आमचं नाव काढलं – पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी पुन्हा आयत्या बिळात नागोबा.

पुतण्या म्हणतो, काका, नावच बदलून टाका ना. बदलून टाका! म्हणजे काय पाटी आहे ती, उतरवली आणि दुसरी लावली? माझ्या मुलीचं नाव आहे ते, ताई. डावा पाय आखूड – तुमच्या लेकीसारखाच. चालायची नाहीच ती, एका पायावर टुणटुण उड्या मारत घरभर फिरायची, म्हणून तिच्या आईनं ठेवलं, टुणटुणी. मी तेव्हा साध्या चपला शिवायचो. तिला पहिला बूट केला तो – आता सांगायला लाज वाटते – असाच केला होता. हो, अशीच वीट. तीही पडली. हनुवटीला तीन टाके. मग दुसरा केला, तिसरा केला, चौथा तर तिनं फेकूनच दिला, आणि पाचवा घालून ती अंगण ओलांडून चालत गेली, पाठमोरी, आणि एकदाही वळून बघितलं नाही. तेव्हापासून माझी पद्धत ठरली – माप नंतर, आधी दहा पावलं पाठमोरं चालून दाखवायचं. समोरून माणूस लाजेपायी नीट चालतो, पाठीला ते जमत नाही. फळीवर तो पहिला लाकडी साचा दिसतोय ना, तो तिचा. बाकीच्या मुलांच्या साच्यांवर मी दरवर्षी चामड्याच्या पट्ट्या चढवतो, पाय वाढतो तसा साचा वाढतो. तिचा तेवढाच राहिला. अकराव्या वर्षी गेली. …नाही, पायानं नाही हो, तापानं. लोक नेहमी पायाचंच विचारतात.

कुठे होतो मी? हां, पुतण्या. तर त्यानं तोड काढली – काका, आपलं नाव आपणच विकत घेऊ. आपल्याच घरात शिरायला तिकीट! पण घेतलं. रोजची एक रक्कम ठरवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'टुणटुणी' लिहिलं तर सगळ्यात वर आम्ही! दाबलं की तिचा फोटो उघडतो – पाचव्या बुटातला, पाठमोरी, तिच्या आईनं काढलेला. फार बरं वाटलं मला. मग दुकान उघडलं की आधी ते दाबायचं, असं सुरूच झालं. रोज एकदा. कधी दोनदा. बरं, चार-पाचदा. आणि तेवढ्यावर थांबलो तर मी कसला – शेजारच्या शिंप्याला सांगितलं, जुन्या गिऱ्हाइकांना सांगितलं, मेहुणीला, तिच्या तिन्ही सुनांना – रोज सकाळी आठवणीनं आमचं नाव दाबत जा, म्हणजे आम्ही वर राहू. औषध घ्यावं तसं सगळ्यांनी नेमानं दाबलं, कुणी चुकवलं नाही! आणि परवा पुतण्या आला तो डोक्याला हात लावूनच बसला. काका, म्हणे, दर दाबण्याला पैसे पडतात, तुम्ही सगळे मिळून दिवसाची रक्कम सकाळी अकराच्या आत संपवता, आणि ती संपली की आपली जाहिरात बंद. अकरानंतर वर कोण? तेच! तीन महिने चाललं होतं हे. शिंपी अजून हसतोय. मीही हसलो. आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हाच, आणि तोही बूट शिवणाऱ्यानं… तुम्ही नाही हसलात.

हा बूट कधी मागवलात? …गेल्या महिन्यात, ते कळलं, तारीख नाही विचारत – वाजले किती होते? …तिला शाळेतून आणल्यावर. म्हणजे तीन. साडेतीन.

नाही. काही नाही. थांबा जरा.

साडेतीनला आम्ही तिथे नव्हतो, ताई. दुकान उघडं होतं, मी इथेच या स्टुलावर बसलो होतो, हात रिकामे होते. पण तुम्ही नाव लिहिलंत तेव्हा ते संपलेलं होतं. मी संपवलं होतं, सकाळी, फोटो बघत. मघाशी म्हटलं ना, हा बूट माझा नाही? तेवढंच खरं. पोरीचं मनगट माझ्याच माथ्यावर आहे.

पर्स मिटा ती. मी काही मागितलं का? उठा आता, लेक वाट बघत असेल. उद्या घेऊन या तिला. हाताला प्लास्टर असू दे, हाताचं काम नाही. जुनी चप्पल घालून आणा. मी मागे बसेन, ती पुढे चालेल, दहा पावलं, तिला सांगा, वळून बघितलं नाहीस तरी चालेल. आणि येताना फोनवर शोधू नका. रस्ता लक्षात ठेवा – शिंप्याचं दुकान, त्याला लागून उतार. पायरी नाही, मी ठेवलीच नाही. खोका राहू दे इथेच. जा. जा म्हणतो ना.