देवघरातली किल्ली

मंडळी, बसलात नीट? मग आधी एक प्रश्न. घाबरू नका, परीक्षा माझी आहे, तुमची नाही! प्रश्न असा — घराला कुलूप कशासाठी? काका, तुम्ही पुटपुटलात, "चोरासाठी." बरं! मग कुलूप लावल्यावर आत कोण राहतं? चोर? आपलीच माणसं ना! मग घर राखलं कुणी, आणि कोंडलं कुणाला?

ऐका तर. गावाचं नाव सांगत नाही, इथं कुणाचे तरी सोयरे निघतील! तिथं मुकुंदा टोणपे राहायचा, किराणा दुकानदार. गल्लीत भरदुपारी एकाची सायकल गेली. मडगार्डसुद्धा नव्हतं हो तिला! तरी ह्यानं खिडक्यांना गज ठोकले, दाराला लोखंडी जाळीचा सरकता दरवाजा बसवला, त्याला हे एवढं कुलूप. किल्ल्या दोन. एक मुकुंदाच्या खिशात. दुसरी?

बायको म्हणाली, "दाराशीच अडकवू या की खिळ्याला."

"हो, म्हणजे चोर जाळीतून हात घालून काढेल!"

पलंगावरून अण्णा बोलले. अण्णा म्हणजे मुकुंदाचे वडील. उजवं अंग लुळं, पण जीभ — विळा! "मुकुंदा, देवघरात ठेव. देवापेक्षा मोठा राखणदार कोण रे?"

वा! टाळी द्यावीशी वाटते? द्या. मागाहून परत घ्याल.

त्या घरात एक मुलगी होती. केतकी. तेरा वर्षांची, आठवीत. उन्हाळ्यापासून दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायला लागली होती. मावश्यांनो, मान का खाली घातली? मी तर सांगताना घातली नाही! बाकी घरात वावर चालायचा, पण चार दिवस देवघराचा उंबरा ओलांडायचा नाही, हा अण्णांचा नियम. आणि किल्ली कुठं? देवघरात! घरातल्या एकालाही हे दिसलं नाही. सगळं शाबूत होतं हो, डोकं सोडून!

अशाच चार दिवसांतला एक दिवस. मुकुंदा आणि बायको साखरपुड्याला गेलेले, जाताना बाहेरून कुलूप घालून. घरात दोघंच — पुढच्या खोलीत अण्णा, मागच्या खोलीत केतकी. दुसऱ्या दिवशी शाळेत कवायत होती, म्हणून पोरगी गादीवरच गणवेश पसरून इस्त्री करत होती. एवढ्यात लाईट गेली! "झालं!" म्हणाली, इस्त्री तशीच गादीवर टाकली, अण्णांना चहा द्यायला पुढं आली. बटण? बटण चालूच! तुम्ही तरी करता का बंद? खरं सांगा!

लाईट आली. पंखा फिरला. अण्णा म्हणाले, "आली एकदाची." आणि मागच्या खोलीत गादीतला कापूस हळूहळू जळायला लागला.

वास आला तेव्हा उशीर झाला होता. केतकीनं दार ढकललं — धूर! पडद्यानं पेट घेतलेला. मागचं दार त्या आगीच्या पलीकडं. पुढं धावली तर जाळी, जाळीला कुलूप. "वाचवा!" ओरडली. शेजारी धावले, हिसके देतायत, कुलूप तुटेना. चोरासाठी घेतलेलं ना ते!

"किल्ली!" बाहेरून कुणी ओरडलं. "अगं, किल्ली दे!"

केतकी वळली. देवघर चार पावलांवर. खिळ्याला किल्ली लटकतेय, दिसतेय. पोरगी धावली... आणि उंबऱ्याशी थांबली.

मंडळी, थांबली हो! मागं आग, पुढं किल्ली, आणि ही उभी. मान वळवून खोकत विचारते, "अण्णा... मी आत जाऊ का?"

ज्या अण्णांनी नातीला तो उंबरा शिकवला, त्यांनाच कळेना की आता काय म्हणायचं! मग ओरडले, "जा! अगं केते, जा! विचारतेस काय!"

पोरीनं किल्ली काढली, जाळीतून बाहेर दिली. कुलूप उघडलं. तोवर आग पुढच्या खोलीत शिरली होती. शेजाऱ्यांबरोबर अण्णांना गादीसकट ओढताना वरच्या फळीवरचं जळतं बोचकं तिच्या हातावर पडलं. दोघं वाचली. पण तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. उंबऱ्याशी उभी राहिली नसती, तर ते बोचकं पडायच्या आत दोघं अंगणात असती.

संध्याकाळी मुकुंदा घरी आला. सगळी हकिगत ऐकली. आणि सवय बघा माणसाची! हळूच म्हणाला, "अण्णा, देवघरात गोमूत्र शिंपडायला हवं ना?"

अण्णा म्हणाले, "शिंपड. आधी माझ्यावर शिंपड. पोर जळायच्या आधी माझी परवानगी मागत होती, हे शिकवलंय मी तिला."

मंडळी, खिळा बदलणं सोपं आहे. दुसऱ्याच दिवशी मुकुंदानं किल्ली दाराशी आणली. उद्या तुम्हीही आणाल. इस्त्रीचं बटणसुद्धा बंद कराल. पण आज घरी गेलात की आणखी एक करा. आपल्या लेकीला, सुनेला, नातीला जवळ बसवा आणि विचारा, "बाई, घराला आग लागली तर तू पहिल्यांदा काय करशील?"

ती म्हणाली, "पळेन," तर देवाला साखर ठेवा.

आणि "विचारेन" म्हणाली, तर तिला रागावू नका. स्वतःला विचारा, हे तिला शिकवलं कुणी? बोला, कुणी?