सगळं बंद असताना

वायरमन : फ्रिजचा प्लग काढला?

नवरा : काढला. पंखे, टीव्ही, पंप, सगळं बंद.

वायरमन : तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय बघा, काका. काहीतरी ओढतंय.

नवरा : तेच तर! ही वही बघा. रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहितो. सगळं बंद करून झोपलो तरी सकाळपर्यंत पाऊण युनिट गायब. दोन वर्षं झाली. गीझर काढला, जिन्यातला दिवा काढला. बायको अंधारात दोनदा आपटली.

वायरमन : मग काकू आपटून किती युनिट वाचले?

नवरा : चेष्टा नको. बघा तुम्ही.

वायरमन : एकेक बटण खाली करतो. दिव्यावर लक्ष ठेवा. हे स्वयंपाकघर.

नवरा : लुकलुकतोय.

वायरमन : हॉल.

नवरा : लुकलुकतोय मेला.

वायरमन : आणि हे... यावर काही लिहिलेलंच नाही.

नवरा : थांबला! अहो, थांबला! पण ती तर मागची खोली. मुलाची होती. तो गेल्यापासून कुलूप आहे. किल्लीही हरवली.

मागची खोली : टुं.

वायरमन : आत काय वाजतंय?

मागची खोली : टुं. टुं.

वायरमन : कंप्यूटरच्या बॅटरीचा आवाज हा. लाइट गेली की वाजते. जुनी दिसते, फार दम धरणार नाही. करू वर?

नवरा : थांबा, आधी आकडा लिहू द्या. चष्मा कुठे गेला...

बायको : अहो, दार उघडं टाकून काय चाललंय? लाइट कोणी घालवली?

नवरा : आलीस? चोर सापडला बघ!

बायको : वर करा ते बटण. आधी वर करा!

मागची खोली : टुं टुं टुं टुं

नवरा : ओरडतेस काय? एका मिनिटात काय बिघडतंय? पॉइंट सहा, का आठ...

मागची खोली : टुंऽऽऽ

वायरमन : केलं, काकू. केलं वर.

मागची खोली :

बायको : गेलं.

नवरा : काय गेलं?

बायको : त्या दिवशी तो कंप्यूटर चालू टाकून निघाला. तुम्ही ओरडलात, बंद करायला हात मोडतात का. तो म्हणाला, आल्यावर करतो.

नवरा : माहीत आहे मला.

बायको : संध्याकाळी झाकून आणलं त्याला. पडद्यावर त्याचं अर्धवट लिहिलेलं तसंच होतं. ते साठवून कसं ठेवतात मला येत नाही. कोणाला विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, तुम्ही बंद केलं असतं. म्हणून चालू ठेवला. पडदा काळा झाला की माउस हलवायचा नि वाचायचं.

नवरा : काय लिहिलं होतं?

बायको : काही नाही हो. कुठल्याशा नोकरीचा अर्ज. 'मला पहाटे उठण्याची सवय आहे.'

नवरा : नऊच्या आत कधी उठला नाही.

बायको : तेच. रोज हसू यायचं मला.

वायरमन : किल्ली असेल तर बघू का, काकू?

बायको : ही घ्या.

वायरमन : ...झाला चालू. पासवर्ड मागतोय. माहीत आहे कोणाला?

बायको : नाही.

वायरमन : मग बंद करून टाकू, काका?

नवरा : राहू द्या.

बायको : आता कशाला? नुसता पासवर्ड मागत बसलाय तो.

नवरा : मागू दे.